पिंपातले पटर

गोल्फच्या मैदानावर साहेबांच्या बॅगा वाहणाऱ्या आम्हा कॅडींच्या पत्र्याच्या शेडमागं डांबराचं एक रिकामं पिंप होतं आणि त्यात पटर उभे करून ठेवलेले असत. देवळाली कॅम्पात अधिकाऱ्यांच्या बदल्या सतत चालू. सामान बांधताना कुत्र्याचं काय, कुंड्यांचं काय, यावर बंगल्याबंगल्यांत वाद व्हायचे, पण गोल्फच्या बॅगेतल्या एखाद्या जुन्या काठीसाठी कुणी वाद घालत नसे. ती कॅडीला मिळायची आणि कॅडी ती पिंपात आणून टाकायचा. पावसाळ्यात पिंपावर पोतं टाकायचं, एरवी ते उघडंच. त्या पिंपाजवळ मी आयुष्याची बारा-तेरा वर्षं काढली. कुणाला कुठला पटर बसेल हे मला बरोबर कळतं, असं लोक म्हणत. ते खरं होतं. खरं नसतं तर बरं झालं असतं.

हा खेळ ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बॉल लांब मारायच्या काठ्या वेगळ्या. तो होलजवळ, म्हणजे जमिनीतल्या खळीजवळ, पोचला की चपट्या तोंडाच्या ज्या काठीनं त्याला नुसतं घरंगळत नेऊन होलमध्ये पाडायचं, ती पटर. ताकद लागत नाही, म्हणून म्हातारी माणसंही खेळू शकतात. पण हातात काही बिघाड असेल तर तो लांबच्या फटक्यात लपतो, पटरमध्ये लपत नाही.

आणि आमच्या मैदानावर तर मुळीच नाही. तेव्हा आमच्याकडं होलभोवती हिरवळ नव्हती, तेवढं पाणीच नव्हतं. बारीक वाळूत गाड्यांचं जळकं तेल कालवून, चोपून, गोल अंगण केलेलं असे. त्याला ब्राउन म्हणायचे. काळपट, घट्ट आणि दुपारी तेलाचा वास मारणारं. ब्राउनवर सगळं उमटतं. बॉल गेला की त्याची रेघ राहते, बुटांचे ठसे राहतात, पटर मागं नेताना त्याचा तळ वाळूला घासतो तो ओरखडाही राहतो. पुढच्या माणसाला सपाट जागा मिळावी म्हणून कॅडीनं दोरीला बांधलेला काथ्याचा पायपोस त्यावरून ओढायचा आणि सगळं पुसून टाकायचं. दिवसभर आमचं तेच काम. बघायचं आणि पुसायचं.

पटर निवडायची आमची रीत या ओरखड्यावरच होती. माणसाला म्हणायचं, साहेब, बॉलशिवाय पाच-सहा वेळा हात फिरवा, तळ वाळूला लागू द्या. मग वाकून बघायचं. कुणाचा ओरखडा फुटपट्टीनं मारल्यासारखा सरळ, कुणाचा विळ्यासारखा वाकडा. दोन्ही चांगले, ज्याचा त्याचा हात. मग पिंपातून पटर काढायचा आणि दांडा बोटावर आडवा तोलायचा. काही पटरचं तोंड सरळ वर आभाळाकडं होतं. काहींचं टोक खाली झुकतं. आभाळ बघणारा पटर सरळ हाताला द्यायचा, झुकणारा वाकड्या हाताला. उलटं दिलं की हात आणि काठी यांची रोज भांडणं. मग उंची, मग मुठीची जाडी, मग वजन. एवढंच शास्त्र. मोठमोठ्या दुकानांत याला यंत्रं असतात म्हणे. आमच्याकडं वाळू होती.

मी मूळचा वाशिमकडचा. सातवी झाली आणि शाळा सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली. आठवीचा वर्ग पाच कोसांवर होता आणि मला रस्त्यावरच्या कुत्र्यांची भीती वाटायची. हे कारण मी आजवर कुणाला खरं सांगितलेलं नाही. घाबरटपणा माझा जुना. माझा मामा कॅम्पात एका बंगल्यावर माळी होता, त्यानं मला आणलं. अकोल्याला गाडी बदलायची, मग रात्रभर बसून नाशिक. नव्वद साल उलटून थोडेच दिवस झाले होते. पहिले सहा महिने मी रोज मनात गावाकडच्या गाडीची वेळ म्हणायचो. मामानं मैदानावर चिकटवलं. तिथं सगळे भगूर, लहवित, आसपासच्या खेड्यांतले. माझं 'काहून' आणि 'जाऊन राहिलो' ऐकून हसायचे. माझं नावच वऱ्हाडी पडलं.

पहिल्याच महिन्यात मी एक घोळ केला. एका अधिकाऱ्याचा बॉल होलच्या बाजूनं निघून गेला. त्यांनी काठी आपटली आणि मला विचारलं, काय झालं? मला वाटलं, विचारतायत. मी सांगितलं, साहेब, तुमचं मनगट वळलं. त्यांनी बॅग माझ्या खांद्यावरून काढून घेतली. आठ दिवस मला कुणी बॅग दिली नाही. शेडमध्ये आमचा एक म्हातारा कॅडी होता, सगळे त्याला उस्ताद म्हणायचे. त्यानं मला जवळ बसवून तंबाखू मळत मळत सांगितलं.

"ए वऱ्हाडी, ध्यानात ठेव. साहेबाचा हात कधी चुकत नाय. वारा चुकतो, वाळू चुकते, काठी चुकते. काठी बदलता येती. साहेब बदलता येत नाय."

त्या शेडचा हाच कायदा होता, आणि मी सोडून सगळ्यांना तो ठाऊक होता.

नवव्या दिवशी ते आले. ते म्हणजे तोफखान्यातून निवृत्त झालेले एक साहेब, कॅम्पातच छोटा बंगला घेऊन राहिलेले. मराठी माणूस, आवाज मोठा, कारण तोफांनी डावा कान नेला होता. शेडच्या तोंडाशी उभं राहून त्यांनी विचारलं, "तो खरं बोलणारा पोरगा कुठाय? तो मला द्या."

सगळे हसले. मी बॅग उचलली. ती पुढं बारा वर्षं माझ्या खांद्यावर राहिली.

सुरुवातीला मी त्यांना खरं सांगायचो. साहेब, खांदा उघडलात, आधीच वळवलात. साहेब, डोकं वर आलं. ते म्हणायचे, बरोबर, आता परत बघ. त्यांचा ओरखडा विळ्यासारखा होता, इतका सारखा की मी डोळे मिटून वाळूत काढून दाखवला असता. पटर त्यांचा स्वतःचा होता, जुना, पितळी तोंडाचा, झुकणारा. हात आणि काठी नवरा-बायकोसारखी जुळलेली. पिंपाकडं त्यांना कधी बघावं लागलं नाही.

खेळ संपला की ते मला व्हरांड्यात बसवून स्कोअरकार्ड लिहायला लावायचे. आधी आकडे, मग दोन ओळी, मग गावाला पत्र. शाळेनं जे केलं नाही ते त्यांनी केलं. माझी पत्रं ते वाचायचे नाहीत, फक्त लांबून म्हणायचे, ओळ वर चढतेय. मैदानावर रोजंदारीतून कायम झालो तो त्यांच्या शब्दानं. लग्न झालं तेव्हा आउटहाउसची खोली त्यांनी कुणाला तरी सांगून मिळवून दिली. मुलगी झाली, ती चार वर्षांची झाल्यावर कॅम्पातल्या चांगल्या शाळेत तिचा हात धरून ते स्वतः गेले. मी बाहेर फाटकाशी उभा होतो. आत जायची माझी छाती झाली नाही.

आता मागं वळून बघतो तेव्हा दिसतं की उपकार जसजसे वाढत गेले तसतसं माझं तोंड बारीक होत गेलं. कुणी सांगितलं नव्हतं. पण ज्याच्या भाकरीवर, ज्याच्या छपराखाली, ज्याच्या शब्दावर आपली पोर शाळेत बसलीय, त्याला खांदा उघडला म्हणून कसं सांगायचं? वारा होता साहेब, म्हणायला लागलो. वाळू ओली होती. ते 'हं' म्हणायचे. त्यांना कळलं असणार. पण तेही काही बोलले नाहीत. माझंच मला वाटायचं की आता मी त्यांचा माणूस झालो.

दोन हजार साल उलटून गेल्यावरची एक थंडी. सकाळी बोटं वाकायची नाहीत अशी थंडी. चौथ्या ब्राउनवर साहेबांनी सरावाचा हात फिरवला आणि मी सवयीनं खाली बघितलं. विळा नव्हता. ओरखडा सुरू होऊन मध्येच तुटला होता, बोटभर जागा कोरी, आणि पुढं परत थोडा. मला वाटलं थंडीनं हात आखडला. पुढच्या ब्राउनवरही तसंच. मी पायपोस ओढला.

आठवडाभर मी रोज बघत होतो. ओरखडा रोज तुटायचा आणि बॉल रोज उजवीकडं निसटायचा. पटर धरताना वर डावा हात असतो. तो मध्येच सुटत होता. म्हणजे धरायचा विसरत होता, असं काहीतरी. हाताला विसर पडतो का? मला शब्द नव्हता. दिसत मात्र स्वच्छ होतं.

एका सकाळी तीन फुटांवरून चुकल्यावर त्यांनी पितळी पटर माझ्याकडं दिला आणि पहिल्यांदाच विचारलं, "काय होतंय रे? काठीचं काही झालंय का?"

आता विचार करतो तेव्हा त्या क्षणापाशीच येऊन थांबतो. त्यांनी विचारलं होतं. मी म्हणालो, "हो साहेब. तिचं वजन तुम्हाला पुरत नाही आता. मी बघतो."

आणि मी पिंपापाशी गेलो.

आधी जाड डोक्याचा, आभाळ बघणारा काढला. त्याचं तोंड हातात फिरत नाही, हात सुटला तरी तो स्वतःच्या वजनानं सरळ जातो. महिनाभर बॉल पडायला लागले. साहेब खूश. मग परत निसटायला लागले. मी नाशिकच्या द्वारका चौकात जाऊन टायरवाल्याकडून चाकाला लावायचं शिसं आणलं, ठोकून पातळ केलं आणि डोक्याच्या पाठीला चिकटवलं. आणखी महिना निघाला. मग मुठीखाली सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळून ती केळीच्या कोंबासारखी जाड केली. जाड मुठीला बोटं वळवावी लागत नाहीत, नुसता पंजा ठेवला तरी चालतं. पावसाळा त्यावर निघाला. प्रत्येक वेळी मी असा पटर शोधत होतो ज्याला डावा हात कमी लागेल. आज मी हे इतकं सरळ लिहितो. तेव्हा मनात हे वाक्य तयार होऊ देत नव्हतो. तेव्हा म्हणायचो, साहेबांचा स्ट्रोक, मारायचा हात, बदललाय, त्याला जुळणारी काठी बघतोय.

ते मला पटरचा डॉक्टर म्हणायला लागले. मित्रांना सांगायचे, आमच्या डॉक्टरला दाखवा.

शेडमध्ये उस्ताद एकदा म्हणाला, "काय रे वऱ्हाडी, पटर देतोस का औषध देतोस?" बाकीचे हसले. तो हसला नाही. म्हणजे त्यालाही दिसलं होतं. मी शिसं ठोकत राहिलो आणि त्यानं पुन्हा विषय काढला नाही. कायदा त्याचाच होता.

पावसाळा संपल्यावर पायाचं सुरू झालं. ब्राउनवर त्यांचा उजवा ठसा नीट, आणि डाव्याच्या मागं एक शेपूट. पाऊल उचलताना बुटाचं टोक वाळू ओढत होतं. आधी वीतभर, मग हातभर. चहाचा कप डाव्या हातात कलायचा. डावीकडून कुणी आलं तर दचकायचे. पण तो कान गेलेलाच होता, म्हणून कुणाला विशेष वाटलं नाही. सकाळी डोकं दुखतं म्हणून त्यांनी चष्मा बदलला. आपण सगळे किती सहज कारणं शोधतो. काठी, कान, चष्मा. आणि मी प्रत्येक ब्राउनवर ती हातभर रेघ बघायचो आणि पायपोस फिरवायचो. पुढचे लोक यायच्या आत. काम म्हणून पुसायचो असं म्हणता येईल. पण तेव्हा मी जरा घाईनंच पुसत होतो.

दिवाळीच्या सुमारास मॅडमनी मला फाटकाशी थांबवलं. मॅडम म्हणजे साहेबांच्या पत्नी. कमी बोलणारी बाई. माझ्या बायकोच्या बाळंतपणात तिच्यासाठी रोज डबा पाठवलेला. हातात कात्री, जास्वंद छाटत होत्या. माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं, "हल्ली साहेब कसे खेळतात?"

त्या खेळाबद्दल विचारत नव्हत्या, हे मला त्या वेळीही कळलं.

"चांगले खेळतात मॅडम. पटर बदललाय ना, बसतोय हळूहळू."

त्यांनी एक फांदी कापली. "शर्टाची बटणं लावायला त्यांना फार वेळ लागतो," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, "थंडी सुरू झाली ना."

थंडी सुरू झालेली नव्हती. मी घामेजलेला होतो. त्यांनी मान हलवली आणि मी बॅग घेऊन पुढं गेलो. रात्री बायकोला सांगितलं. ती म्हणाली, उद्या जाऊन सांगा. मी म्हणालो, आणि काही नसलं तर? एवढ्या मोठ्या माणसाला मी आजारी ठरवायचं? अभद्र बोलायचं? मनात खरी भीती दुसरीच होती, ती तिलाही सांगितली नाही. साहेब खेळायचे थांबले तर मी कुणाचा?

शेवटचा पटर लांब होता. परदेशात जाऊन आलेल्या कुणा अधिकाऱ्यानं टाकून दिलेला, दांड्याचं टोक पोटाला टेकवायचा. एक टोक पोटात रुतलं की हाताला फक्त झोका द्यायचा असतो. उजव्या हातानंही देता येतो. मी तो त्यांच्या उंचीला कापून, घासून, मूठ बसवून दिला. असं नेमकं काम मी आधी कधी केलं नव्हतं. डाव्या हाताला त्यात काही कामच उरलं नाही. साहेब जानेवारीत असे खेळले जसे पाच वर्षांत खेळले नव्हते. त्यांच्या जुन्या बॅचमेटला त्यांनी शेवटच्या ब्राउनवर हरवलं. वीस फुटांवरून बॉल घरंगळत गेला, होलच्या काठावर थांबल्यासारखा झाला आणि पडला. त्यांनी उजव्या हातानं माझी पाठ थोपटली. डावा हात लोंबत होता. सगळे टाळ्या वाजवत होते आणि तो हात कुणाला दिसत नव्हता, कारण आता तो दिसायचं कारणच मी काढून घेतलं होतं.

बाराव्या दिवशी ते न्हाणीत पडले.

इथून पुण्याला नेलं. डोक्यात गाठ निघाली. मॅडम परत आल्यावर त्यांनी व्हरांड्यात उभं राहून, कुणीतरी दुसऱ्या घराबद्दल बोलावं तसं सांगितलं: गाठ हळू वाढणारी होती. सावकाश, कित्येक महिने. वर्षभर आधी आणलं असतं तर अख्खी निघाली असती, असं डॉक्टर म्हणाले. आता अर्धीच काढता आली. डावं अंग गेलं ते गेलं. डॉक्टरांनी विचारलं म्हणे, तुम्हाला काहीच कसं दिसलं नाही?

"मला काय दिसणार," त्या म्हणाल्या, "हे तर दर आठवड्याला जिंकून येत होते." मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तुझे उपकार आहेत. तुझ्यामुळं शेवटचं वर्ष तरी त्यांना खेळता आलं."

मी खाली बघत होतो. मला त्या वाक्याखालून बाहेर यायला आजही जमलेलं नाही.

साहेब खुर्चीत घरी आले. मी रोज दुपारी जायचो. त्यांना उचलायचं, कूस बदलायची, व्हरांड्यात आणायचं. बोलणं शाबूत होतं. आवाज तेवढाच मोठा. मुलीचा अभ्यास विचारायचे. माझ्याविषयी इतक्या मायेनं बोलायचे की मला वाटायचं यांनी एकदा तरी शिवी द्यावी.

दोन महिने गेले असतील. एका दुपारी ते खुर्चीत बसून उजवा हात हवेत मागं-पुढं करून बघत होते.

"एका हातानं मारायचं झालं तर कुठला चालेल रे?" त्यांनी विचारलं. "बघ ना तुझ्या पिंपात."

मी त्यांच्या डावीकडं उभा होतो. मी म्हणालो, "काठीचं काही नव्हतं साहेब."

त्यांना ऐकू गेलं नाही. तिथंच सोडून देता आलं असतं. मी वळसा घालून उजवीकडं आलो आणि खाली बसलो.

"काठीचं काही नव्हतं. एकाही काठीचं नव्हतं. तुमचा डावा हात सुटत होता. मला वाळूत दिसत होतं."

त्यांचा हलणारा उजवा हात मांडीवर आला. आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज चालू होता तो थांबला.

"कधीपासून?"

"तुम्ही पडलात त्या आधीच्या थंडीपासून. पाय पावसाळ्यानंतर."

त्यांनी मनात हिशेब केला असावा. ओठ हलले.

"तुला मी त्याच्यासाठीच तर घेतलं होतं ना रे," ते म्हणाले. रागानं नाही. एखादी वस्तू कुठं ठेवली होती ते आठवून सांगावं तसं.

 आमच्या शेडमध्ये साहेबाला असलं सांगत नाहीत, एवढं तोंडाशी आलं होतं, ते गिळलं. मग ते म्हणाले, "उद्या येताना माझा तो जुना घेऊन ये. पितळी."

पितळी पटर माझ्या खोलीत होता, कापडात गुंडाळलेला. त्या रात्री मी तो चिंचेनं घासला, तळ पुसून कोरडा केला, दांड्याला तेलाचा बोळा फिरवला. काही का असेना, त्यांनी ये म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी फाटकाशी मॅडम उभ्या होत्या. त्यांनी हात पुढं केला, पटर घेतला आणि म्हणाल्या, "झोपलेत."

मी तिसऱ्या दिवशी गेलो. झोपलेत. पाचव्या दिवशी गेलो. साहेब व्हरांड्यात नव्हते, खुर्ची होती. मॅडम म्हणाल्या, "लागलं तर मी बोलावीन." 'अहो-जाहो' त्या मला कधी करत नसत, पण 'तू' म्हणायच्या तेव्हा त्यात एक ओलावा असायचा. त्या दिवशी त्या वाक्यात 'तू'ही नव्हतं.

बोलावणं आलं नाही. हे साहेबांनी ठरवलं की मॅडमनी, ते मला कळलं नाही. त्यांच्या कामासाठी दुसरा माणूस लागला. तो शेजारच्या बंगल्यावर भेटायचा, त्याला विचारायचो. साहेब बरे आहेत, म्हणायचा. माझी खोली कुणी काढून घेतली नाही. मुलीची शाळा चालू राहिली. एक शब्द टाकला असता तर दोन्ही गेलं असतं. तो शब्द कुणी टाकला नाही. रोज सकाळी ती वेणी घालून, बूट पुसून निघायची आणि मी तिच्याकडं बघायचो नाही.

मैदानावर मी नंतर दोघांना खरं सांगितलं. एकाला म्हणालो, साहेब, हात थरथरतोय, एकदा दाखवून घ्या. तो हसला. दुसऱ्यानं दुसऱ्या दिवसापासून कॅडी बदलला. मग बोअरवेल झाल्या, हळूहळू ब्राउन काढून हिरवळ लावली. हिरवळीवर काही उमटत नाही. पिंप गंजून फुटलं, ते भंगारात गेलं. मी आता मशीन चालवतो, गवत कापायचं.

साहेब गेले ते पुढच्या की त्याच्या पुढच्या पावसाळ्यात. सकाळी बंगल्यासमोर गाड्या लागल्या तेव्हा कळलं. आम्ही मैदानावरची सगळी माणसं फाटकाबाहेर रांगेनं उभी राहिलो. उस्ताद काठी टेकत आला होता. वर्दीतली पोरं आली, त्यांनी फुलांचं चक्र ठेवलं. मग आतून कुणीतरी हाक मारली, अरे, व्हरांड्यातल्या खुर्च्या बाहेर घ्या कुणीतरी. कुणाला उद्देशून नव्हती. मी गेलो.

छत्र्या ठेवतात त्या कोपऱ्यात पितळी पटर उभा होता, भिंतीला टेकून. मॅडमनी त्या दुपारी माझ्या हातातून घेऊन आत जाताना वाटेत ठेवला असेल, तर तो बरोब्बर तिथंच ठेवला असणार. म्हणजे साहेबांपर्यंत तो पोचलाच नसेल. किंवा पोचला असेलही. त्यांच्या अंगणात पायऱ्यांशी बारीक भुसभुशीत माती होती. साहेबांनी एखाद्या संध्याकाळी खुर्ची तिथं घ्यायला लावून, एका हातानं दोन-चार बॉल ढकलले असतील तर तळाला ती माती लागलेली असणार. मी तर तळ पुसून दिला होता. उचलून उलटा करायचा, बोट फिरवायचं, एवढंच. असल्या खुणा वाचण्यात तर माझा जन्म गेला.

मी खुर्च्या उचलल्या. दोन या हातात, दोन त्या हातात. बाहेर नेऊन मांडल्या आणि उरलेल्या आणायला परत गेलो तेव्हा कोपऱ्याकडं पाठ करून गेलो.